पंप दिला, पण घ्यायचा कसा ते कोण दाखवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनची मळणी उरकते, कापसाची वेचणी जोरात येते, पहाटे गारठा पडू लागतो आणि मराठवाड्यातल्या दवाखान्यांत धाप लागलेल्या पेशंटची रांग वाढते. मळणीयंत्राचा भुसा, जिनिंगमधली रुई, डाळ मिलची धूळ, पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटणारी चूल आणि वर्षानुवर्षांची बिडी यांतून सीओपीडी जडतो. श्वासनळ्या कायमच्या आकसवणारा हा जुनाट आजार आता गावोगाव आहे. बिडीला कधी हात न लावलेल्या, पण पन्नास वर्षे चुलीपुढे बसलेल्या बायकांना तो होतो हे अजून घरच्यांनाच पटत नाही. ‘बाईला कसला दमा, वय झालं’ म्हणून सोडून देतात.

या आजारावर इनहेलर, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला पंप म्हणतात तो, सर्रास लिहून दिला जातो. आमची तक्रार लिहून देण्याबद्दल नाही. दिल्यानंतर तो कसा घेतला जातो हे कुणीच बघत नाही, याबद्दल आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मेडिकलवाला खोके पुढे सरकवतो, आजोबा घरी जाऊन तोंड उघडून अत्तर मारावे तसा फवारा मारतात आणि आठवड्याने ‘पंप काही लागू पडत नाही, सुईच द्या’ म्हणत परत येतात. बहुतेक वेळा औषधात खोट नसते. ते घशाच्या पुढे गेलेलेच नसते. पद्धत अगदी बरोबर असली तरी साध्या पंपाच्या फवाऱ्यातला १० ते २० टक्क्यांच्या आसपासचाच भाग फुप्फुसात पोहोचतो, बाकी तोंडात आणि घशात बसतो. पद्धत चुकली तर उरते ते काय?

पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, हा समज तर पारावर पक्का बसलेला आहे. त्यावर एवढा एकच हिशेब पुरेसा आहे. सॅल्ब्युटामॉल या श्वासनळ्या सैल करणाऱ्या औषधाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४० फवाऱ्यांइतकी. ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि फुप्फुसापर्यंत थोडेसेच पोहोचते. पंपाला घाबरणारी माणसे हीच गोळी वर्षानुवर्षे बिनधास्त घेतात.

आता साधा दाबायचा पंप घेऊ. त्याचे भाग दोनच. एक धातूची कुपी, तिच्यात औषध आणि दाबाखालचा वायू. दुसरा, ती कुपी ज्यात बसते तो प्लास्टिकचा भाग. टोपण काढले की आधी तोंडाच्या बाजूने आत डोकावून बघावे. हे सांगणे पोरकट वाटेल, पण बंडीच्या खिशात पंपाशेजारी चुन्याची डबी, सुपारीचे खांड, तंबाखूचा चुरा, सुटे पैसे असतात आणि टोपण केव्हाच हरवलेले असते. आत अडकलेले सुपारीचे खांड फवाऱ्याबरोबर थेट श्वासनळीत जाऊ शकते.

मग पंप उभा धरून चार-पाच वेळा जोरात हलवावा. अशा पंपात औषधाचे बारीक कण वायूत नुसते तरंगत असतात, ठेवून दिला की ते वेगळे होतात. न हलवता दाबलेल्या फवाऱ्यात औषध कधी कमी, कधी जास्त येते. पंप नवा असेल किंवा पाच-सात दिवस वापरला नसेल तर आधी दोन फवारे हवेत सोडावेत. काही पंपांना चार लागतात, खोक्यातल्या कागदावर आकडा दिलेला असतो.

बसायचे ताठ, किंवा उभे राहायचे. आडवे पडून नाही. श्वास पूर्ण बाहेर सोडावा, पण पंपात फुंकू नये. पंपाचे तोंड दातांच्या मधे ठेवून ओठ घट्ट मिटावेत, जीभ खाली दाबलेली. तोंडाने सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करायची आणि सुरुवात होताच कुपी एकदा दाबायची. दाबल्यावर श्वास थांबवायचा नाही. चार-पाच सेकंद तसाच, हळू, छाती भरेपर्यंत ओढत राहायचा. मग पंप काढून, तोंड मिटून, मनात दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दहा जमत नसतील तर पाच, पण रोखायचा. औषधाचे कण नळ्यांच्या भिंतीवर बसायला हाच वेळ लागतो. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. एका श्वासात दोनदा दाबले म्हणजे दुप्पट औषध मिळाले असे होत नाही.

चुका ठरलेल्या आहेत. आधी दाबून मग ओढणे, किंवा ओढून संपल्यावर दाबणे. धाप लागल्यामुळे झटक्यात ओढणे, त्यात सगळा फवारा घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो. आणि सर्वांत छुपी चूक म्हणजे पंप तोंडात असताना श्वास नाकाने घेणे. घरच्या घरी ओळखायचे असेल तर आरशासमोर बसून पंप घ्यावा. ओठांच्या कडेने किंवा नाकातून पांढरट धूर दिसला, तर तेवढे औषध हवेत गेले.

साठी ओलांडलेल्या, बोटांत जोर नसलेल्या, धापेने घाबरलेल्या माणसाला दाबण्याचा आणि ओढण्याचा मेळ जमत नाही आणि तो जमलाच पाहिजे असा हट्टही नको. त्यासाठी स्पेसर आहे. पंप आणि तोंड यांच्यामधे बसणारी ही प्लास्टिकची पोकळ नळी फवारा क्षणभर धरून ठेवते. मोठे थेंब तिच्या भिंतीला चिकटतात, बारीक कण सावकाश ओढता येतात. पंप हलवून मागे बसवायचा, एकदाच दाबायचा आणि लगेच हळू श्वास घेऊन रोखायचा. रोखता येत नसेल तर साधे पाच श्वास नळीतूनच घ्यायचे. स्पेसरमध्ये एकदम चार फवारे मारून ठेवणे ही हमखास दिसणारी चूक आहे. कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटून बसतात, हाती कमीच लागते. आमच्या मते स्पेसरशिवाय वयस्क माणसाच्या हातात साधा पंप देऊच नये.

स्पेसर मिळाला नाही, परवडला नाही, तर पाण्याची ५०० मिलीची प्लास्टिकची बाटली चालते. हा जुगाड म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा प्रकार नाही, अशा बाटलीवर वैद्यकीय अभ्यास झालेले आहेत. बाटली आतून स्वच्छ धुवावी. बुडाला पंपाचे तोंड टेकवून पेनाने आकार काढावा आणि तापवलेल्या तारेने किंवा सुरीने बरोबर तेवढेच भोक पाडावे. मोठे झाले तर फटीतून औषध निघून जाते, फट राहिलीच तर बाहेरून चिकटपट्टी लावावी. बाटलीचे तोंड आपल्या तोंडात. विकतचा स्पेसर असो की बाटली, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावी आणि फडक्याने न पुसता निथळत ठेवावी. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटते. विकतचा स्पेसर महिन्यातून एकदा असा धुतला तरी पुरतो. वर्षभराने, किंवा झडप कडक झाली, तडा गेला की बदलावा.

पंपाचा प्लास्टिकचा भागही आठवड्यातून एकदा धुवायचा असतो, हे जवळपास कुणालाच सांगितलेले नसते. कुपी काढून बाजूला ठेवावी, ती पाण्यात बुडवायची नाही. प्लास्टिकच्या भागातून दोन्ही बाजूंनी अर्धा मिनिट कोमट पाणी सोडावे, झटकावे, रात्रभर वाळू द्यावे. आत जिथे कुपीची नळी बसते तिथले भोक टाचणीच्या टोकाएवढे असते. त्यावर पांढरी पूड साठली की फवारा आखूड आणि वाकडा येतो. ती सुईने किंवा बाभळीच्या काट्याने कोरू नये. भोक मोठे झाले की फवाऱ्याचे थेंब मोठे होतात आणि पंप कायमचा बिघडतो.

कुपी कधी संपली हे कसे ओळखायचे? पाण्यात टाकून तरंगते का बघतात, कानाशी हलवून बघतात. दोन्ही भरवशाचे नाहीत. सॅल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या कुपीत २०० फवारे असतात. ते झाल्यावरही ‘फुस्स’ आवाज येत राहतो, कारण वायू उरलेला असतो. नेमका त्याच रात्री दम लागला की पंप हातात असून उपयोग नाही. काही पंपांवर आकडा दिसतो. नसेल तर सुरू केल्याची तारीख प्लास्टिकवर मार्करने लिहावी आणि फवारे कॅलेंडरवर मांडावेत. फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइड या रोज घ्यायच्या औषधाच्या १२० फवाऱ्यांच्या पंपाचे गणित सोपे आहे. सकाळी दोन, रात्री दोन म्हणजे तो तीस दिवसांत संपलाच पाहिजे. दोन महिन्यांनीही चालू असेल तर डोस चुकताहेत. उलट, सॅल्ब्युटामॉलची २०० ची कुपी महिन्याच्या आत संपत असेल, तर दिवसाला सहा-सात फवारे लागताहेत, आजार ताब्यात नाही. नवी कुपी आणण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हात लावलेल्या मोटारसायकलच्या डिक्कीत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, पत्र्याखालच्या खिडकीत किती तापत असेल? कुपी ३० अंशांखाली ठेवायची असते. ५० च्या पुढे ती फुटू शकते, म्हणूनच रिकामी झाली तरी चुलीत टाकायची नाही. ओल्या फडक्यात गुंडाळूनही ठेवू नये. माठाजवळच्या कोनाड्यात, कोरड्या डब्यात ठेवली तरी भागते.

कॅप्सूलवाल्या पंपाचा प्रकारच निराळा. त्यात वायू नसतो, यंत्रात घातलेल्या कॅप्सूलमधली नुसती पूड असते आणि ती आपल्याच श्वासाच्या जोरावर आत जाते. म्हणून इथे उलटे. हलवायचे नाही आणि सावकाश ओढायचे नाही. श्वास बाहेर सोडून झाला की जोरात, खोल ओढायचे आणि रोखायचे. यंत्रात फुंकर गेली की ओल्या वाफेने पूड गोळा होते. कॅप्सूल पट्टीतून वापरायच्या क्षणीच काढावी, कोरड्या हाताने. एका ओढीत पूड संपत नाही, आत उरलेली दिसली तर तीच कॅप्सूल पुन्हा ओढावी. आणि, हो, ती गिळायची नसते. पाण्याबरोबर कॅप्सूल गिळणारे पेशंट आहेत आणि दोष त्यांचा नाही. कॅप्सूल म्हटल्यावर माणूस गिळणारच, कुणी सांगितले तर पाहिजे. ज्यांच्या छातीत ओढायचा जोरच उरलेला नाही, त्यांना हा प्रकार देऊ नये. त्यांना स्पेसरसह साधा पंप.

पंपांतही ताबडतोबीचा आणि रोजचा असे दोन वर्ग असतात आणि इथली गफलत धोक्याची आहे. सॅल्ब्युटामॉल, लेव्होसॅल्ब्युटामॉल पाच मिनिटांत काम सुरू करतात आणि चार ते सहा तास टिकतात. टायोट्रोपियम दिवसातून एकदा, सॅल्मेटेरॉल दोनदा. हे दोन्ही रोज घ्यायचे, धाप लागल्यावर धावत जाऊन घ्यायचे नाहीत. रंगावर जाऊ नये, नाव वाचावे किंवा पोराबाळांकडून वाचून घ्यावे. ज्या पंपात स्टेरॉइड (सूज उतरवणारे औषध, उदा. बुडेसोनाइड) आहे तो घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकावे. नाही केले तर जिभेवर, घशात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक आणि जिल्ह्याच्या डॉक्टरांनी दुसरा असे वेगळ्या नावांचे, पण आत तेच औषध असलेले दोन पंप एकाच पिशवीत सापडतात. त्यासाठी प्रत्येक भेटीला सगळे पंप आणि गोळ्या घेऊन जाव्यात, नुसती चिठ्ठी नको. आणखी एक. आपल्याकडे सीओपीडी आणि ॲलर्जीचा दमा दोघांनाही दमाच म्हणतात, पण ॲलर्जीच्या दम्यात स्टेरॉइडशिवाय नुसता लांब टिकणारा (सॅल्मेटेरॉलसारखा) पंप घेणे जिवावर बेतू शकते. कोणता आजार आहे हे फुंकून बघायच्या स्पायरोमेट्री तपासणीने ठरते. ती एकदा तरी झालीच पाहिजे.

ताबडतोबीचा पंप एका वेळी एक-दोन फवारे आणि डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दिवसात आठच्या वर नाही. जास्त झाला की हात कापतात, धडधडते, पोटऱ्यांत गोळे येतात. गोळे येण्यामागे रक्तातले पोटॅशियम उतरणे असू शकते. लघवी होण्याची गोळी, स्टेरॉइड आणि थिओफिलिन (दम्याचेच एक जुने औषध) सोबत असेल तर ते लवकर उतरते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. थिओफिलिनबद्दल तर जास्तच सावधगिरी हवी. ‘दम्याची सुई’ म्हणून गावोगाव टोचले जाते त्यात पुष्कळदा हेच असते. त्याचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडे. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक सुरू केली की रक्तातले प्रमाण वाढते. बिडी सोडली तरी वाढते. बिडी सोडावीच, पण डॉक्टरांना सांगून डोस कमी करून घ्यावा.

रक्तदाबासाठी किंवा हात थरथरतात म्हणून दिलेले प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूसाठी डोळ्यात टाकायचे टिमोलॉलचे थेंब, ही दोन्ही औषधे श्वासनळ्या आवळतात. डोळ्याच्या डॉक्टरांना आपल्याला पंप चालू आहे हे सांगायचे कुणाला सुचत नाही. ही औषधे आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत. इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम या पंपातल्या औषधांनी तोंड कोरडे पडते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला लघवी अडू शकते.

वाफेच्या मशीनविषयी थोडेच. नेब्युलायझरच्या औषधाच्या एका छोट्या प्लास्टिक नळीत सॅल्ब्युटामॉल २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ फवाऱ्यांइतके असते. ‘वाफ साधी असते’ म्हणून दिवसातून सहादा घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. औषध पातळ करायला नॉर्मल सलाईनच हवे. साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने नळ्या आणखी आवळतात. मास्क सैल असेल तर इप्राट्रोपियमची वाफ डोळ्यात जाऊन काचबिंदू भडकू शकतो. शिवाय लाइट गेली की मशीन बंद. स्पेसरला वीज लागत नाही. कोविडपासून घरात पडून असलेल्या ऑक्सिमीटरवर ९० दिसले म्हणून घरच्या सिलिंडरची चावी पूर्ण सोडणे हेही सीओपीडीत घातक आहे. अशा पेशंटला ऑक्सिजन देताना पातळी ८८ ते ९२ टक्के राखायची असते, त्याच्या वर नेली तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. वाक्य पुरे करता न येणे, ओठ-नखे निळी पडणे, गुंगी किंवा बरळणे, पंपाचा आराम तीन-चार तासही न टिकणे, यांतले काहीही दिसले की १०८ ला फोन करावा. पुढची सुई घेऊन बघू म्हणत थांबू नये.

एकादशी, नवरात्र आले की ‘उपवासाला औषध नको’ म्हणून पंप बंद ठेवणारेही खूप. पंपात खाण्यासारखे काही नाही. रोजे धरणाऱ्यांनी बारा तासांचे डोस सहेरी आणि इफ्तारच्या वेळांना बसवून घेण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. मात्र धाप लागली तर वेळ न बघता लगेच ताबडतोबीचा पंप घ्यावा.

आता मागणे. सॅल्ब्युटामॉलचा इनहेलर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २०२३ पासून असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीओपीडी आणि दमाही धरलेले आहेत. मग मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी आणि उपकेंद्रांनी पंपाबरोबर स्पेसरचाही साठा ठेवावा. बिनऔषधाचा सरावाचा पंप प्रत्येक समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर असावा. पहिला फवारा पेशंटने कर्मचाऱ्यासमोर घ्यावा, पुढच्या प्रत्येक भेटीला पुन्हा घेऊन दाखवावा, कारण बरोबर शिकलेली पद्धतही काही महिन्यांत घसरते. मेडिकल दुकानदार बांधवांनीही खोके फोडून, दाखवून मगच द्यावे. पाच मिनिटे लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतल्या पेशंटना कारखान्यावर निघण्याआधीच पुरेशा कुप्या आणि चिठ्ठीची प्रत द्यावी. फडात चार महिने कोपीत (पाचटाच्या झोपडीत), चुलीच्या धुरात काढताना त्यांना दवाखाना शोधत फिरता येत नाही.

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार जागतिक सीओपीडी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशीच्या अंकात पाव पान जागा दिलीत तर पंप घेण्याच्या पायऱ्यांची चित्रे आणि मजकूर आम्ही तयार करून पाठवू. कात्रण भिंतीवर चिकटवता येईल एवढी अक्षरे मोठी ठेवावीत, ही विनंती.

आपले,
छातीविकार ओपीडीत आणि औषध दुकानांत काम करणारे काही जण,
लातूर